शेवटचे दोन पर्याय आणि सोडून दिलेले नऊ प्रश्न

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

'ताई, मी 24 वर्षांची आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.एस्सी. दोन वर्षांपासून पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून यूपीएससीचा अभ्यास करते. मागच्या पूर्व परीक्षेत जीएस (सामान्य अध्ययन) बरा गेला, पण सीसॅटने, म्हणजे उतारे, तर्क आणि गणिताच्या पात्रता पेपरने, घात केला. उत्तरतालिका लावून पाहिली तर 30 बरोबर, 16 चूक आणि 34 सोडलेले. म्हणजे 61.67 गुण. पास व्हायला 66.67 लागतात. माझं गणित कच्चं आहे हे मला माहीत आहे, पण खरं मारतात ते उताऱ्यांवरचे आणि तर्काचे प्रश्न. चारांतले दोन पर्याय मी झटकन उडवते. उरलेल्या दोनांत अडकते आणि हमखास चुकीचाच धरते. उत्तर पाहिल्यावर वाटतं, हा तर डोळ्यांसमोर होता! क्लासमधले सर म्हणतात, जो जास्त योग्य वाटेल तो घ्या. मला दोन्ही सारखेच योग्य वाटतात. मैत्रीण म्हणते, पहिला मनात आलेला पर्याय कधी बदलू नकोस. मागच्या वेळी दोनांत अडकलेले नऊ प्रश्न भीतीने सोडूनच दिले. आता बाबा म्हणतात, सीसॅटचा वेगळा क्लास लाव. फी 18,000 रुपये आहे. लावू का? की माझी बुद्धीच तेवढी चालत नाही?'

उत्तर:

तुझ्या अखेरच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तू सगळ्यांत दबक्या आवाजात विचारला आहेस. बुद्धीचा इथे काही संबंध नाही. चारांतले दोन पर्याय झटकन उडवता येतात, याचा अर्थ उतारा तुला कळतो. ज्यांना तो कळत नाही त्यांना चारही पर्याय सारखेच दिसतात. तुझं अडतं ते त्याच्या पुढच्या पायरीवर, आणि ती पायरी शिकता येते. तर्काचे प्रश्न मी बरीच वर्षं शिकवते आहे. ही एवढी पायरी कुणी नीट दाखवली नाही म्हणून मुलं टेस्ट सिरीजवर टेस्ट सिरीज सोडवत राहतात आणि शेवटी स्वतःच्या डोक्याला दोष देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण आधी त्या नऊ प्रश्नांचा हिशेब करू, कारण तुझी परीक्षा तिथेच गेली. सीसॅटचा प्रश्न अडीच गुणांचा. चुकला तर त्याचा एक तृतीयांश, म्हणजे 0.83 वजा. नऊपैकी तुझे फक्त चार बरोबर आले असते, निम्म्याहूनही कमी, तर 10 गुण मिळाले असते आणि पाच चुकांचे 4.17 गेले असते. हातात 5.83 उरले असते. ते 61.67 मध्ये मिळव. 67.5 होतात. तू पास झाली असतीस.

हे तुला टोचावं म्हणून सांगत नाही. निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीने मुलं काय गमावतात ते आकड्यांत दिसावं म्हणून सांगते. चार पर्यायांतून डोळे मिटून एक धरला तर पुष्कळ प्रश्नांत मिळून नफा-तोटा शून्यावर येतो; एक तृतीयांशाचं गणित नेमकं तिथेच बसतं. दोन पर्याय खात्रीने उडवले असतील, तर उरलेल्या दोनांत नाणं उडवूनसुद्धा प्रश्नामागे सरासरी 0.83 गुण पदरात पडतात. अट एकच, उडवलेले दोन पर्याय खरोखर चूक असले पाहिजेत. वेळ संपत आली म्हणून नजर फिरवून उडवलेले पर्याय यात धरायचे नाहीत. तेव्हा दोनांत अडकलीस की प्रश्न कोरा ठेवायचा नाही, हे आजच ठरवून टाक.

आता 'हमखास चुकीचाच धरते' याबद्दल. सोडवलेल्या 46 प्रश्नांपैकी कितीमध्ये तू दोनांवर आली होतीस आणि त्यातले किती बरोबर आले, हे मोजलं आहेस का? बहुतेक नसणार. जे बरोबर आले ते आपण विसरतो आणि जे हुकले ते रात्री आठवतात. मोजलंस तर आकडा तुला वाटतो त्यापेक्षा बरा निघेल असा माझा अंदाज आहे. तरीही तो वाढवायला हवाच, आणि त्यासाठी सरांचं ते वाक्य आधी बाजूला ठेवावं लागेल.

'जो जास्त योग्य वाटेल तो घ्या.' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्यात निवड वाटण्यावर सोडलेली असते, आणि जवळचा पर्याय लिहिणारा माणूस तो तुला योग्य वाटावा म्हणूनच लिहीत असतो. त्या पर्यायात कुठेतरी एक नेमका दोष ठेवलेला असतो: एखादा शब्द जादा कडक, एखादा दावा उताऱ्यापेक्षा रुंद, एखादी शिफारस उताऱ्यात नसलेली. म्हणून शेवटच्या दोनांपाशी आलीस की चांगला कोणता हे शोधायचं थांबव आणि दोष कोणात आहे ते शोध. दोषावर बोट ठेवता येतं. चांगुलपणावर येत नाही.

एक उतारा घेऊ. मी तुझ्यासाठी लिहिला आहे, घाट सीसॅटचा ठेवला आहे.

'ठिबक सिंचनामुळे पिकाला एकरी कमी पाणी लागते. मात्र अनेक ठिकाणी ठिबक आल्यानंतर शेतकऱ्यांनी वाचलेल्या पाण्यावर जास्तीचे क्षेत्र भिजवले किंवा ते जास्त पाण्याच्या पिकांकडे वळले, आणि तेथील भूजलाचा एकूण उपसा कमी झाला नाही. उपशावर मर्यादा न घालता केवळ ठिबकसाठी अनुदान दिले, तर भूजल वाचवण्याचा हेतू साध्य होईलच असे नाही.'

या उताऱ्यावरून निघणारा सर्वांत तर्कसंगत निष्कर्ष कोणता?

(अ) ठिबक सिंचनामुळे भूजलाचा उपसा वाढतो.
(ब) भूजल वाचवायचे असेल तर ठिबकचे अनुदान बंद केले पाहिजे.
(क) एकरी पाण्याची बचत झाली म्हणून भूजलाचा एकूण उपसा कमी होतोच असे नाही.
(ड) उपशावर मर्यादा घातल्याशिवाय ठिबकमुळे भूजलाची बचत होऊ शकत नाही.

ब तू लगेच उडवशील. अनुदान बंद करण्याची भाषा उताऱ्यात कुठेच नाही. अ जरा फसवा आहे, पण 'कमी झाला नाही' म्हणजे 'वाढला' असं होत नाही, उपसा होता तेवढाच राहिला असेल. उरले क आणि ड. इथे माझ्याकडची बरीच मुलं ड धरतात. का धरतात, ते नीट बघ, कारण तुझंही तेच होत असावं. ड मध्ये उताऱ्याच्या शेवटच्या वाक्यातले जवळजवळ सगळे शब्द आहेत: उपसा, मर्यादा, ठिबक, भूजल. ओळखीचे शब्द दिसले की डोळा थांबतो. शिवाय ड ठाम आहे. एखाद्या समितीच्या अहवालातलं वाक्य असावं तसं वाटतं. आणि तुझ्यासारखी जीएसचा अभ्यास केलेली मुलगी असेल तर अटल भूजल योजना आठवते, महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा आठवतो, ऊस आठवतो, आणि डोकं म्हणतं, बरोबरच आहे, उपशावर मर्यादा हवीच! ती हवी की नको हा प्रश्नच नाही. प्रश्नपत्रिकेत उताऱ्यांच्या वर सूचना छापलेली असते की उत्तरं फक्त उताऱ्यांच्या आधारे द्या. दोन वर्षं जीएस वाचलेल्या मुलांना ही सूचना पाळणं सगळ्यांत जड जातं.

क बद्दल मुलांची तक्रार ठरलेली असते: 'हे तर उताऱ्यातच म्हटलंय, यात निष्कर्ष कसला?' निष्कर्ष म्हणजे काहीतरी नवं, खोल, उताऱ्यात न लिहिलेलं असायला हवं, ही समजूत कुठून येते मला माहीत नाही, पण ती फार महागात पडते. या परीक्षेतला बरोबर निष्कर्ष बहुतेक वेळा उताऱ्याच्या अगदी लगत असतो, अर्ध्या पावलावर. तो बुळबुळीत, मवाळ वाटतो. म्हणूनच तुझी नजर त्याच्यावरून घसरून ड वर जाते.

आता दोन्ही शेजारी ठेव आणि फक्त फरक शोध. क म्हणतो 'कमी होतोच असे नाही'. ड म्हणतो 'होऊ शकत नाही'. बाकी सगळं विसर आणि हा एवढा फरक घेऊन उताऱ्यात जा. उतारा काय म्हणतो? 'साध्य होईलच असे नाही.' आणि कुठे घडलं? 'अनेक ठिकाणी.' सगळीकडे नाही. मग असं एक गाव डोळ्यांसमोर आण जिथे ठिबक आलं, उपशावर कसलीही मर्यादा नव्हती, पण वाढवायला आणखी जमीनच नव्हती आणि पीकही कुणी बदललं नाही. तिथे पाणी वाचलं. या गावामुळे उताऱ्यातलं एखादं वाक्य खोटं पडतं का? एकही नाही. ड मात्र कोसळतो. उतारा पूर्ण खरा राहून पर्याय खोटा पडू शकत असेल, तर तो त्या उताऱ्याचा निष्कर्ष नव्हे. हीच परीक्षा क ला लाव. क खोटा पडायचा तर एकरी बचत झाली की एकूण उपसा प्रत्येक वेळी कमी व्हायला हवा. पण तसं अनेक ठिकाणी झालं नाही, हे उताऱ्यातच लिहिलं आहे. क ला खोटं पाडायची जागाच राहत नाही.

हे वाचायला तुला चार-पाच मिनिटं लागली असतील. सवय झाली की अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दोन्हीतला फरक शोधायचा, तो घेऊन उताऱ्यात एकदा जायचं, आणि उतारा खरा राहून पर्याय पडतो का ते पाहायचं.

दोषांचे प्रकार फार नसतात. उतारा 'होऊ शकते' म्हणतो, पर्याय 'होते' म्हणतो. उतारा 'काही' म्हणतो, पर्याय 'सर्व'. दोन गोष्टी एकत्र घडल्या असं उतारा सांगतो, पर्याय एकीला दुसरीचं कारण ठरवतो. उताऱ्यात फक्त वर्णन असतं, पर्याय 'केले पाहिजे' म्हणून उपदेश करतो. उताऱ्यात तुलना नसते, पर्यायात 'त्यापेक्षा अधिक' येऊन बसतं. महिनाभर स्वतःच्या चुका तपासल्यास तर दिसेल की यातल्या एकदोन प्रकारांतच तू पुन्हा पुन्हा सापडतेस. प्रत्येकाची घसरण्याची जागा ठरलेली असते.

एक इशारा. क्लासमध्ये 'टोकाचे शब्द दिसले की पर्याय उडवा' अशी युक्ती सांगतात. ती डोळे झाकून वापरू नकोस. उताराच टोकाचं बोलत असेल, 'एकाही राज्याने हे केलेले नाही' असं म्हणत असेल, तर टोकाचा पर्याय बरोबर असू शकतो. कडक शब्द दिसला की थांबायचं आणि तेवढाच कडकपणा उताऱ्यात आहे का ते पाहायचं. पर्याय उडवायचा तो हे पाहिल्यानंतरच.

दुसरी गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच आलेली नाही, आणि मला वाटतं तिथेही तुझे गुण जातात: प्रश्न नेमकं काय विचारतो आहे? सीसॅटमध्ये कधी निष्कर्ष विचारतात, कधी गृहीतक, कधी उताऱ्याचा गाभा, म्हणजे तो 'क्रूशियल मेसेज'. याच ठिबकच्या उताऱ्यावर गाभा विचारला आणि पर्यायांत 'ठिबक सिंचनामुळे पिकाला एकरी कमी पाणी लागते' असं असलं, तर ते उताऱ्यातलं शब्दशः खरं वाक्य आहे. तरी उत्तर म्हणून चूक, कारण लेखक ते फक्त 'मात्र' म्हणण्यासाठी आधी मांडतो. 'भूजल वाचवण्यासाठी अनुदानाच्या जोडीला उपशावरील नियंत्रणाचाही विचार हवा' असा पर्याय मात्र तिथे बरोबर ठरू शकतो, जरी निष्कर्षाच्या काटेकोर कसोटीवर तो किंचित पुढे गेलेला असला. गाभ्याच्या प्रश्नात विचारायचं, लेखकाने हा उतारा लिहायची तसदी कशासाठी घेतली. म्हणून पर्याय वाचण्याआधी प्रश्नातल्या त्या एका शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढ. दोनांत अडकलीस की पुन्हा त्या रेघेकडे बघ. पुष्कळदा दोन्ही पर्याय आपापल्या जागी ठीक असतात, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यातला एकच असतो.

गृहीतकाचे प्रश्न वेगळ्या हाताने सोडवावे लागतात. समज, एका ग्रामपंचायतीने ठरवलं: 'गावातल्या विहिरींवर पाण्याचे मीटर बसवू, म्हणजे गावातला उपसा कमी होईल.' यामागचं गृहीतक कोणतं? एक पर्याय: 'मीटर बसल्यावर गावातले सर्व शेतकरी उपसा कमी करतील.' दुसरा: 'मीटर बसल्यावर निदान काही शेतकरी उपसा कमी करतील.' दोन्ही एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत. इथे पर्याय उलटवून बघायचा. पहिला उलटव: सर्वच जण कमी करणार नाहीत, काही जण होते तसेच वापरतील. तरी बाकीच्यांनी कमी केलं तर गावाचा उपसा कमी होईलच की. ग्रामपंचायतीच्या म्हणण्याला धक्का लागत नाही, म्हणजे ते म्हणणं या पर्यायावर उभं नाही. आता दुसरा उलटव: एकही शेतकरी उपसा कमी करणार नाही. मग मीटर बसवून उपसा कमी कसा होणार? म्हणणं तिथल्या तिथे कोसळलं. म्हणजे गृहीतक हे दुसरं. उलटवताना मात्र 'सर्व' चं उलट 'कोणीच नाही' असं करू नकोस. 'सर्व' चं उलट 'सर्व नाही', एवढंच. ही चूक फार मुलं करतात आणि मग ही पद्धतच चालत नाही असं म्हणून सोडून देतात.

तू बारावीपर्यंत मराठी माध्यमात होतीस म्हणून एक बोलते. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि तू इंग्रजी वाचत असणार. मोठे शब्द तुला अडवत नसतील, ते तू पाठ केलेले आहेत. अडवतात ते छोटे: 'मे' आणि 'विल', 'इफ' आणि 'ओन्ली इफ', 'अनलेस', 'नॉट नेसेसरिली', 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. मनातल्या मनात मराठी करत वाचलं की यांची धार जाते आणि क आणि ड एकसारखे दिसायला लागतात. या शब्दांची एका पानावर यादी कर आणि प्रत्येकापुढे रोजच्या बोलण्यातलं एक मराठी वाक्य लिही. 'पाऊस आला तर पेरणी होईल' आणि 'पाऊस आला तरच पेरणी होईल' यांतला फरक तुला कोणी शिकवायची गरज नाही. तो कान तुझ्याकडे आहे, तो इंग्रजीला लावायचा आहे. अडलं तर शेजारची हिंदी एकदा बघून घे, पण निर्णय तिच्यावर सोडू नकोस. 2014 मध्ये सीसॅटविरुद्ध दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्या तक्रारींत हिंदी भाषांतराचा दर्जा हीही एक तक्रार होती.

आता मैत्रिणीचा सल्ला, पहिला मनात आलेला पर्याय बदलायचा नाही. हे जवळजवळ प्रत्येक अभ्यासिकेत ऐकू येतं आणि यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. चुकीचं खोडून बरोबर केल्याची उदाहरणं बरोबर खोडून चुकीचं केल्याच्या जवळपास दुप्पट निघाली. मग उलटं का वाटतं? हातात असलेलं बरोबर उत्तर आपणच घालवलं की ते फार जिव्हारी लागतं आणि लक्षात राहतं. म्हणून पर्याय बदलायला घाबरू नकोस. मात्र कारण सापडलं असेल तरच बदल. उताऱ्यातला 'अनेक ठिकाणी' आधी नजरेतून सुटला होता आणि आता दिसला, हे कारण. 'काहीतरी गडबड वाटतेय' हे कारण नाही. आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल रंगवल्यानंतर बदल करता येत नाही, तेव्हा हा सगळा निवाडा प्रश्नपत्रिकेवरच पेन्सिलीने उरकून मग पेन हातात घे.

वेळेचं भान सुटू देऊ नकोस. 80 प्रश्न, 120 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. दोन पर्यायांपाशी चार-चार मिनिटं घुटमळलीस तर तुला सहज जमले असते असे प्रश्न शेवटी तसेच राहतील. उताऱ्यात एकदा परत जायचं, फरक तपासायचा, ठरवायचं, पुढे जायचं. दोष सापडला नाही तर मवाळ पर्याय घे आणि मागे वळून बघू नकोस. हा नियम निष्कर्षाच्या आणि गृहीतकाच्या प्रश्नांपुरता आहे; गाभ्याच्या प्रश्नात मवाळ पर्याय उताऱ्याच्या एका कोपऱ्यापुरताच बोलणारा असू शकतो.

सरावासाठी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घे. सीसॅट 2011 पासून आहे, प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि आयोगाच्या उत्तरतालिकाही तिथेच असतात. जवळच्या पर्यायांचा सराव टेस्ट सिरीजवर करू नये असं माझं ठाम मत आहे. तिथले दोन पर्याय कधीकधी खरोखरच तितकेच बरोबर असतात, कारण लिहिणाऱ्याने तेवढा विचार केलेला नसतो, आणि अशा उत्तरांशी जुळवून घेता घेता तुझा आहे तो अंदाजही बिघडतो. वेळेच्या सरावाला टेस्ट सिरीज चालेल. आयोगाचे उतारे संपले तर अमेरिकेतल्या कायद्याच्या महाविद्यालयांसाठी असलेल्या एलसॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिका बघ. ऑगस्ट 2024 पासून त्या परीक्षेतला कोड्यांचा विभाग गेला आणि गुण मोजले जाणारे दोन विभाग अशाच युक्तिवादाच्या प्रश्नांचे झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून काही प्रश्नपत्रिका सोडवता येतात. इंग्रजी सीसॅटपेक्षा जड आहे, पण गृहीतकाचा हात बसायला त्यासारखं दुसरं काही नाही.

आणि एक वही कर. गुणांची नको. दोनांत अडकलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यात चार ओळी दे: दोन्ही पर्यायांतला फरक, उताऱ्यातली त्याला लागू पडणारी ओळ, तू काय धरलंस, आणि चुकीच्या पर्यायातला दोष. चौथी ओळ लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. 'सिली मिस्टेक' हा शब्द त्या वहीत लिहायला बंदी. बरोबर आलेले प्रश्नही लिही, नशिबाने आलेलं उत्तर पुढच्या वेळी येईलच असं नाही. आयोगाचं उत्तर कधी पटणार नाही. तिथे अर्धा तास वाद घालण्यापेक्षा आयोगाने ते कोणत्या ओळीवरून काढलं असेल ते लिहून ठेव. दहा वेळा असं केलंस की या लोकांची वाचायची रीत कळू लागते.

आता क्लास. बाबांना सांग, दोन महिने थांबा. उताऱ्यांच्या आणि तर्काच्या प्रश्नांसाठी 18,000 रुपये देऊ नकोस. तिथे तुला पुन्हा 'जास्त योग्य वाटेल तो' एवढंच ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी आहे, आणि ही वही तुझ्यासाठी दुसरं कोणी लिहू शकत नाही. दोन महिन्यांनी आयोगाची एक न सोडवलेली प्रश्नपत्रिका घड्याळ लावून दोन तासांत सोडव. उताऱ्यांचे आणि तर्काचे गुण वेगळे काढ, गणिताचे वेगळे. एकूण 90 गुणांच्या आसपास आलीस तर क्लासचा विषय संपला. गणितच खाली ओढत असेल तर त्याच्यापुरती मदत घे. त्यासाठीही आधी अभ्यासिकेत इंजिनिअरिंग केलेलं कोणी बसत असेल तर त्यांना विचार. टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम-वेग आणि संख्यांचे प्रश्न एवढ्यावर महिनाभर रोज तासभर बसायची त्यांची तयारी असेल तर तुझ्याकडून त्यांना उतारे शिकता येतील. वहीतले पहिले पंधरा प्रश्न झाले की मला पाठव. चौथ्या ओळी मी वाचून देईन.